रोज ऑफिसला बाइक की चारचाकी? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली, रोज कामाला जायला बाइक घ्यावी का गाडी, म्हणून मग ठरवलं की अख्खं सदर यालाच देऊ. आपण दोन्हीला गाडीच म्हणतो त्यामुळे गोंधळ नको, खाली जिथे जिथे गाडी लिहिलंय तिथे चारचाकी समजा. मी स्वतः ११ वर्षं रोज बाइकने कामाला गेलेय, नंतरची ६ वर्षं गाडीने, आणि आता घरात दोन्ही उभ्या असतात, सकाळी आभाळाकडे बघून आणि रात्री झोप कशी झाली ते आठवून किल्ली उचलते. तर खाली जे आहे ते थोडं वाचलेलं आणि बरंचसं रस्त्यावर शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, नोकरीला दीड वर्ष झालं. घर ते ऑफिस १७ किलोमीटर, आत्ता दोन बस बदलून जातो, सव्वा तास जातोच आणि एखादी बस चुकली की मग विचारूच नका. आता स्वतःचं वाहन घ्यायचं ठरवलंय. साठवलेल्या पैशात एक नवीन १५० सीसीची बाइक येते, नाहीतर सात-आठ वर्षं वापरलेली छोटी गाडी. मित्र म्हणतात बाइक घे, ४० मिनिटांत पोचशील, गाडीला तासाच्या वर लागेल. आई म्हणते बाइक घेतलीस तर तू घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आठवड्यातून दोनदा सुटायला रात्रीचे दहा वाजतात. लायसन्स दोन्हीचं आहे, बाइक कॉलेजला असताना मित्राची चालवलीये. काय घेऊ?

उत्तर : मला ताई म्हणालास म्हणून तूच म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बाइक आहे, गाडी आहे, मित्र आहेत, आई आहे, पण रस्ता कुठेच नाही. आणि निम्मं उत्तर त्या १७ किलोमीटरमध्येच आहे रे. सिग्नल, शाळा, बाजार अशा भागातून तीस-चाळीसच्या स्पीडने सरकणारा रस्ता आहे का ट्रकच्या बाजूने ऐंशीने जावं लागतं? मध्ये दुभाजक आहे का समोरून येणारे वाटेल तिथे वळतात? रात्री दहाला रस्त्यावर दिवे असतात का? बसमध्ये बसून हे दिसत नाही, हँडल हातात आल्यावर दिसतं.

म्हणून आधी एक काम कर. एक दिवस मित्राची बाइक माग आणि एक दिवस कुणाची तरी गाडी, आणि सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्याच दिवशी ऑफिसच्याच वेळेला जाऊन ये. घराच्या दारातून निघाल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ धर. मित्र ४० मिनिटं म्हणतात ती चाक फिरायला लागल्यापासून चाक थांबेपर्यंतची, त्यात जॅकेट चढवणं नाही, हेल्मेट काढून ठेवणं नाही, पावसात भिजलेला रेनकोट वाळत घालून कपडे ठीकठाक करणं नाही. गाडीच्या बाबतीत जागा शोधत फिरणं नाही. बाय द वे, ऑफिसला गाडी लावायला जागा आहे का हे विचारलंयस का? मी अशी माणसं बघितलीयेत ज्यांनी गाडी घेतल्यावर हा प्रश्न विचारला आणि मग रोज अर्धा किलोमीटर लांब लावून चालत आली.

आणि एक, बाइकचा फायदा मला त्या ४० आकड्यात एवढा वाटत नाही जेवढा तो भरवशात वाटतो. गाडीने एक दिवस ५० मिनिटं लागतात, दुसऱ्या दिवशी पुढे काहीतरी तुंबलं की दीड तास, आणि आज कुठला दिवस आहे ते निघताना कळत नाही, म्हणून माणूस रोजच दीड तासाच्या हिशेबाने निघायला लागतो. बाइकला बरा दिवस ४० आणि वाईट दिवस ५५. रोज सकाळी हे माहीत असणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः तुझ्याकडे उशिराचं बोलणं खावं लागत असेल तर.

आता आईचं. आई घाबरते ते उगीच नाही, हे मी तिची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यावर वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं जातात आणि त्यातलं निदान पाचातलं एक तरी दुचाकी-तीनचाकीवरचं असतं. गाडीत तुझ्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. बाइकवर तुझ्याभोवती तू घातलेलं असतं तेवढंच.

हे कसं होतं तेही माहीत असू दे. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातले बाइकचे ९०० च्या आसपास अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ मध्ये त्याचा रिपोर्ट आला. जुना आहे, रस्ते वेगळे, बाइकही वेगळ्या, पण त्यातल्या काही गोष्टी मला आजही कुठल्याही चौकात दिसतात. जवळजवळ तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं, बहुतेक वेळा गाडी, आणि अशांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक गाडीवाल्याची, म्हणजे तो वळताना किंवा आडवा जाताना बाइकच्या वाटेत आला. कारण बहुतेकदा हेच की बाइक दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली. अपघाताआधी निम्म्या बाइक ताशी ४८ किलोमीटरच्या आतच होत्या, म्हणजे सुसाट जाणारेच पडतात हे खरं नाही. आणि काहीतरी करायला चालकाला दोन सेकंदसुद्धा मिळत नव्हते. चूक कुणाचीही असो, हाड बाइकवाल्याचं मोडतं.

त्याच रिपोर्टमधली अजून एक गोष्ट मी तुझ्यासाठी मुद्दाम काढून ठेवलीये. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ती बाइक हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. तू कॉलेजला मित्राची बाइक चालवलीयेस, आता नवीन १५० सीसी घेऊन तू बरोबर त्या पाच महिन्यांत शिरणार आहेस. त्यामुळे बाइक घेतलीस तर पहिले काही आठवडे ती फक्त दिवसाउजेडी चालव, रात्रीच्या दोन दिवशी बसनेच जा, आणि एखाद्या मोकळ्या मैदानात पुढचा-मागचा ब्रेक एकत्र दाबून थांबायची प्रॅक्टिस कर, अगदी शंभर वेळा कर. बरेच जण पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबतात आणि थांबायची जास्त ताकद असते पुढच्यातच, कारण ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. एबीएस असलेलीच घे, तिचं चाक जाम होत नाही म्हणून ओल्यात जोरात ब्रेक लागला तरी बाइक सहसा घसरत नाही. त्यापायी कमी सीसीची घ्यावी लागली तरी चालेल.

आणि पैशाचा हिशेब असा कर की हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट आणि रेनकोट हे बाइकच्या किमतीतच धरायचं. नंतर घेऊ म्हणालास की ते राहतं, मी स्वतः जॅकेट दोन वर्षं नंतर घेऊ म्हणत राहिले आणि त्या दोन वर्षांतच कोपर सोलून घेतलं. हेल्मेटने जीव जायचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन निघालंय, पण ते डोक्यावर नीट बसलेलं असेल तर. घालून गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, आणि पट्टा लावून मागून वर ढकललं तर पुढे निघून येता कामा नये. काच पारदर्शक घे, काळी काच रात्री दहाला घातक.

गाडीच्या बाजूने बोलायचं तर सात-आठ वर्षं जुनी गाडी बघायला एकटा जाऊ नकोस, ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. टायरच्या कडेला चार आकडे एकत्र लिहिलेले असतात, पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष, ०९१८ असेल तर २०१८ चा नववा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तरी संशय घे आणि विझला नाही तरी घे. चढावर थांबवून परत पुढे काढून बघ म्हणजे क्लचप्लेट किती झिजलीये ते कळतं. आणि घेतल्यावर पहिल्या वर्षात काही ना काही निघणारच हे धरून थोडे पैसे बाजूला राहू देत, सगळे गाडीत घालू नकोस.

आता माझं मत. रस्ता गावातला, सिग्नलचा, तीस-चाळीसचा असेल आणि रात्रीचे दोन दिवस तुला बसने किंवा कुणाबरोबर गाडीतून येता येत असेल तर बाइक घे, वर सांगितलंय तशी. रस्ता मोठ्या वाहनांचा, अंधाराचा आणि ऐंशीच्या स्पीडचा असेल तर गाडी घे, वेळ जास्त गेला तर जाऊ दे. तासाभराचं काय, त्यात गाणी ऐकता येतात. आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंस तरी बसचा पास लगेच बंद करू नकोस, ज्या दिवशी रात्री झोप नाही झाली, ताप अंगात आहे, कुणाशी भांडण करून निघालायस, त्या दिवशी बस.

प्रश्न : आमच्यात वाद चाललाय. मिस्टर म्हणतात बाइक लिटरला ४५ चं अॅव्हरेज देते आणि गाडी १६ चं, मग गाडीने ऑफिसला जाणं म्हणजे पैसे जाळणं. मी म्हणते गाडी घरात आहेच, मग ती दारात उभी ठेवून बाइक नवीन घेण्यात कसली बचत? रोजचं जाऊन-येऊन ३४ किलोमीटर होतं.

उत्तर : तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. महिन्याचे २२ दिवस धरले तर ७४८ किलोमीटर होतात. बाइकला साधारण १७ लिटर लागेल, गाडीला ४७. म्हणजे महिन्याला ३० लिटर वाचलं, वर्षाला ३६०. हे मिस्टरांचं. आता त्या ३६० लिटरच्या पैशासमोर बाइकचे वर्षाचे हप्ते, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, चेन-स्प्रॉकेट, टायर आणि हेल्मेट-जॅकेट मांडा. गाडी विकणार नसाल तर तिचा इन्शुरन्स भरायचाच आहे, ती चालली नाही तरी तिची किंमत उतरणारच आहे, आणि उभी राहून बॅटरी उतरते ती वेगळीच. म्हणजे बाइकचा खर्च गाडीच्या खर्चाच्या जागी येत नाही, त्याच्यावर येतो. बऱ्याच घरात हिशेब घातला की पहिली तीन-चार वर्षं बाइक काही वाचवत नाही, तुमच्याकडचे आकडे घालून बघा म्हणजे कळेल.

उलट घरात दोघांना वेगवेगळ्या दिशेला जायचं असेल आणि नाहीतर दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल, तर मग बाइक खूप वाचवते. तुम्ही स्वतः कशाने जाता ते पत्रात लिहिलेलं नाही, तेच नेमकं कळायला हवं होतं. वाटेवरचं कुणी असेल तर गाडीत बरोबर घ्या, चौघं जण मिळून गेलात तर माणशी पेट्रोल बाइकवर एकट्याने जाण्यापेक्षाही थोडं कमीच पडतं.

मिस्टरांना एक सांगा, अॅव्हरेजचा तो ४५ आकडा टायरमध्ये हवा बरोबर असेल आणि चेनला वेळच्या वेळी तेल असेल तरच. साधारण ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल द्यायचं, म्हणजे तुमच्या हिशेबात महिन्यातून एकदोनदा. हवा आठवड्याला बघायची, आणि टायर गार असताना.

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा आहे, शाळा ऑफिसच्या वाटेवरच आहे. माझी बाइक आहे, त्याला पुढे टाकीवर बसवून शाळेत सोडलं तर चालेल का? सगळेच नेतात. गाडी घ्यायची तर अजून वर्ष-दीड वर्ष थांबावं लागेल.

उत्तर : नको. सगळे नेतात हे मलाही दिसतं आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. टाकीवर बसलेलं मूल ब्रेक मारला की सरळ हँडलवर जातं, आणि मागून तुम्हीही त्याच्यावरच जाता. मागे बसवायचं तर त्याचे पाय फूटरेस्टला टेकायला हवेत, हाताने धरून राहायची ताकद हवी, आणि मुख्य म्हणजे ते झोपता कामा नये, चार वर्षांचं मूल सकाळी सातला मागे बसून पेंगणारच. ओढणीने स्वतःला बांधून नेणाऱ्या आयाही मी बघितल्यात, बाइक पडली तर ते मूल बाइकखालीच सापडतं, सुटून बाजूला पडायची संधीही राहत नाही. शिवाय लहान मुलाची मान नाजूक, डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यावर मोठ्यांचं हेल्मेट घालून उपयोग नाही, ते फिरतं आणि वजनाने मान ओढली जाते.

हे वर्ष-दीड वर्ष शाळेची बस, किंवा शेजारच्या ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याबरोबर, किंवा चालत सोडून मग तुम्ही पुढे, काहीतरी बसवा. तुम्हाला अर्धा तास लवकर उठावं लागेल हे मला कळतंय आणि रोजचं ते सोपं नाही, पण यावर मला दुसरं काही म्हणता येत नाही.

आणि गाडी घ्याल तेव्हा, मूल मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, हे आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आजी-आजोबांनाही. ताशी ५० ने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर १५ किलोच्या मुलाला धरून ठेवायला २०० किलोहून जास्त जोर लागतो. कुणाच्याच हातात तेवढा नसतो. मागच्या सीटवर त्याच्या वजना-उंचीची चाइल्ड सीट, नीट घट्ट बसवलेली, गाडीबरोबरच घ्या.

प्रश्न : माझी उंची पाच फुटाला जरा कमी आहे. ऑफिस ९ किलोमीटरवर. मला बाइक चालवायची मनापासून इच्छा आहे पण शोरूममध्ये सगळे म्हणतात मॅडम तुम्हाला नाही जमणार, स्कूटर घ्या नाहीतर सरळ गाडी घ्या. खरंच जमणार नाही का?

उत्तर : जमेल. माझी उंची तुमच्यापेक्षा फक्त दोन इंच जास्त आहे. विचारायचं ते सीटची उंची किती आणि वजन किती. सीट ७७०-७८० मिलिमीटरच्या आसपास असेल, पुढे निमुळती असेल तर कमी उंचीच्या माणसालाही पाय टेकता येतात, आणि दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असंही नाही, एक पाय भक्कम टेकला तरी पुरतं. थांबताना कुठला पाय टेकायचा ते आधी ठरवायचं आणि रस्ता त्या बाजूला उतरता नाही ना बघायचं, एवढी सवय लागली की झालं. वजन ११०-१२० किलोची घ्या, बंद असताना ढकलत मागे घेऊन बघा, आडवी कलली तर सावरता येते का बघा. हे शोरूममध्येच करायचं, लाजायचं नाही.

बाकी रोज ९ किलोमीटर खच्चून ट्रॅफिकमध्ये असेल तर स्कूटरचा विचार वाईट नाही हो, क्लच दाबून दाबून डावं मनगट रात्री ठणकतं तेव्हा कळतं, पाय झाकलेले राहतात, बॅग सीटखाली जाते. पण चाकं लहान असतात म्हणून खड्डा जास्त जाणवतो. इलेक्ट्रिकही बघा, एवढ्या अंतराला एका चार्जमध्ये आरामात होतं, फक्त घरी रात्री जिथे लावता तिथे चार्जिंगची सोय आहे का ते आधी. आवाज येत नाही त्यामुळे चालणाऱ्यांना कळत नाही तुम्ही आलात, एवढं लक्षात ठेवा. पण स्कूटर घ्यायची तर तुम्हाला आवडली म्हणून घ्या. तुम्हाला जमणार नाही असं कुणी म्हटलं म्हणून नको.

प्रश्न : गाडीत काचा बंद असल्या की बाहेरचा धूर लागत नाही, बाइकवर सगळा नाकात जातो, बरोबर ना?

उत्तर : तेवढं सोपं नाही. गाडीची हवा आत घ्यायची जागा पुढच्या काचेखाली असते, आणि ट्रॅफिकमध्ये तिच्यासमोर पुढच्या वाहनाचं सायलेन्सर असतं. बटण बाहेरची हवा आत घेण्यावर असेल तर तुम्ही काचा लावून तोच धूर घेताय. खूप तुंबलेलं असेल तेव्हा आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, पण तासभर तसंच ठेवू नका, चार जणांच्या श्वासाने आतली हवा जड होते आणि झोप यायला लागते, मोकळा रस्ता लागला की थोडा वेळ बाहेरची घ्या. आणि आतला एसी फिल्टर सर्व्हिसिंगला काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, माझा पहिल्यांदा बघितला तेव्हा काळाकुट्ट होता. बाइकवर मास्क लावता येतो, आणि सिग्नलला ट्रकच्या सायलेन्सरमागे थांबायचं का जरा पुढे-बाजूला ते तुमच्या हातात असतं, पण लांबचा रस्ता आणि दम्याचा त्रास असेल तर मी गाडीच म्हणेन.

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी ऑफिसला जाताना पावसात बाइकवरून पडले. फार नाही लागलं, गुडघा आणि तळहात, हेल्मेट रस्त्यावर आपटलं पण डोक्याला काही नाही. पण त्यानंतर बाइकला हात लावावासा वाटत नाही. घरचे म्हणतात भीती मनातून काढ आणि लगेच बस नाहीतर कायमची बसणार नाहीस. मला वाटतं विकून टाकावी आणि जुनी गाडी घ्यावी. मी भित्री आहे का?

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. मीही पडलेय, पावसातच, रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक मारला आणि चाक खालून निघूनच गेलं. उठून बाइक उचलली, लोक म्हणाले काही नाही झालं, मीही म्हणाले काही नाही झालं, आणि पुढचा महिनाभर ओला रस्ता दिसला की हात घट्ट व्हायचे. घट्ट हाताने बाइक अजून वाईट चालते. म्हणून लगेच बस म्हणणारे प्रेमाने म्हणतात पण ते मला पटत नाही. घाबरलेल्या माणसाने भर ट्रॅफिकमध्ये जाऊन भीती घालवायची नसते.

तू आधी नेमकं काय झालं ते कागदावर लिही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते आणि तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात निसरडा असतो. रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, वळणावरची वाळू, सांडलेलं डिझेल, यातलं काय होतं? स्पीड किती होता? टायर किती जुना होता? ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, आणि ४० च्या जागी ६० असेल तर ब्रेक लागल्यावर थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं, ओल्यात त्याहून वाढतं. कारण सापडलं ना की भीतीला एक जागा मिळते, नाहीतर ती सगळ्या रस्त्यावर पसरते. माझ्या बाबतीत कारण सापडलं तेव्हा मी पावसाळ्यात बाइक न्यायचीच बंद केली, उरलेल्या दिवसांत मात्र पुढे पाच वर्षं आनंदाने चालवली.

कारण लिहूनही मन होत नसेल तर विक. त्यात कमीपणा काही नाही. रोज दोन वेळा पोटात कालवाकालव घेऊन कामाला जाणं हे कुठल्याही पेट्रोलच्या बचतीपेक्षा महाग आहे. फक्त विकायचा निर्णय आत्ता घेऊ नकोस, गुडघा पूर्ण बरा होऊ दे, पाऊस संपू दे, मग एका सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवून बघ, आणि त्यानंतर जे वाटेल ते खरं धर. तोपर्यंत बसने जा. गाडी घेतलीस तरी ओल्या रस्त्याचं हे सगळं तिलाही लागू आहे बरं का, पुढच्या वाहनापासून अंतर दुप्पट ठेवायचं आणि पट्टा लावायचा, पुढच्या सीटवर पट्ट्याने जीव जायचा धोका जवळजवळ निम्मा होतो.

आणि ते आपटलेलं हेल्मेट, बाहेरून चांगलं दिसत असलं तरी, परत घालू नकोस आणि बाइकबरोबर कुणाला देऊही नकोस. आतला थर्माकोल एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही. पट्टा कापून टाक, म्हणजे चुकूनही कुणी उचलून घालणार नाही.